गुळगुळीत टायर

गेल्या वर्षी श्रावणात मी सायकलवरून पडले. अशी पडले की हनुवटीला चार टाके आणि डावा हात तीन आठवडे गळ्यात. शहाडच्या पुलाच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे मागचं चाक सटकलं आणि सायकलच्या आधी मीच रस्त्यावर पोचले. रस्ता कोरडा होता, कोणी कट मारला नव्हता, खड्डासुद्धा नव्हता. चूक शंभर टक्के माझी. मागचा टायर मधोमध झिजून सपाट झालेला, एका ठिकाणी आतले धागे डोकावायला लागलेले, आणि मी दर रविवारी स्वतःला सांगत होते, जाऊ दे, पुढच्या रविवारी बदलू. शाळेत मी सातवीच्या वर्गावर वह्या अपूर्ण ठेवल्या म्हणून कडाडते. स्वतःच्या टायरकडे बघायला मात्र बाईंना वेळ नाही!

माझी सायकल रोड बाईक आहे. वाकडं हँडल, अंगठ्याएवढे बारीक टायर, ना कॅरिअर ना मडगार्ड. सेकंडहँड घेतलेली, म्हणजे टायरही सेकंडहँडच. पहाटे साडेपाचला डोंबिवलीहून निघायचं, कल्याण, शहाड करत टिटवाळ्याला जायचं, एक चहा मारायचा आणि नऊच्या आत घरी. आठवड्यातले ते साडेतीन तास माझे. त्यात मला कोणी "डबा झाला का" विचारत नाही, कोणी "बाई, ह्याने मला मारलं" म्हणत नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला ते मिळाले आणि मी ते कोणाला द्यायला तयार नाही. हे स्पष्टच सांगते.

पण टाके घालून घरी आले तेव्हा दारात आई उभ्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या कोकणातल्या, लग्न होऊन डोंबिवलीत आलेल्या. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून रस्त्यावरच्या भाजीवाल्याला थांबवतील असा आवाज. त्या दिवशी मात्र आवाज निघेना. माझ्या हनुवटीकडे बघत राहिल्या, मग माझा उजवा हात धरून मला सरळ देवासमोर नेलं.

"बोल," म्हणाल्या. "परत पडलीस तर ही सायकल घरातून जाईल."

"अहो आई, पण..."

"पणबिण काही नाही. ह्याच्यासमोर बोल."

हनुवटी बधिर, डोकं तापलेलं, आणि माझा स्वभाव असा की कोणी अंगावर आलं की मी शिंगावर घेते. म्हटलं, "पडले तर विकून टाकीन! झालं?" आईंनी समई पेटवली, गूळखोबरं ठेवलं आणि विषय संपवला. मागून नवऱ्याने डोक्याला हात लावलेला मी पाहिला. त्याला माहीत होतं. आईंपाशी दिलेला शब्द आणि आमच्या सोसायटीचा पाण्याचा टाइम, दोन्ही बदलत नाहीत.

म्हणजे आता सगळं टायरवर आलं. पुन्हा पडायचं नाही, तर टायर असा हवा की पाडणार नाही.

हात बरा होईपर्यंत मी दुसरं काही केलंच नाही. रविवारी एकत्र निघणारा आमचा सातआठ जणांचा ग्रुप आहे, त्यांना फोनवर विचारलं, टायर कोणता घेऊ. ही माझी चूक. माणूस आजारी पडला तर औषध विचारावं, सल्ला विचारू नये, तसं झालं. एक म्हणाला, तेवीस एमएमचेच घे, बारीक टायर पळतो. दुसरा म्हणाला, छे, पंचवीस. एकीने लिहिलं, सरळ बत्तीस घाल, आपले रस्ते बघ जरा. मग टायर राहिला बाजूला आणि पहिल्या दोघांची हवा किती भरावी यावर अशी जुंपली की तिसऱ्या दिवशी एकजण ग्रुप सोडून गेला. त्याला परत आणण्यात आठवडा गेला.

शेवटी ठाण्याला एका सायकलच्या दुकानात जायचं ठरवलं. आई म्हणाल्या, मीपण येते, येताना कळव्याला माझ्या बहिणीकडे जाऊ. मी समजले. बहीण हे निमित्त. सुनेला कोण काय गळ्यात मारतंय ते त्यांना बघायचं होतं.

दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस. मी त्याच्यासमोर ग्रुपचं सगळं ज्ञान ओतलं. तेवीस, पंचवीस, बत्तीस, रबर, धागे, वजन. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, चालवता कुठे?"

म्हटलं, डोंबिवली ते टिटवाळा.

"मग तेवीस विसरा. पेव्हर ब्लॉक आहेत, पुलाचे जॉइंट आहेत, काचा आहेत. तेवीसला दगडासारखी हवा भरावी लागते, मग प्रत्येक जॉइंट मणक्यात. अठ्ठावीस घ्या. हवा कमी लागते, रस्ता जास्त धरतो. फक्त तुमच्या ब्रेकखाली बसेल का ते बघायला हवं. आत्ता जो टायर आहे त्याच्या वर ब्रेकपर्यंत जागा किती?"

"दोन काड्या," मी म्हणाले.

"काय?"

"काडेपेटीच्या काड्या. एकीवर एक ठेवून बघितलंय. दोन आरामात जातात, तिसरी घासते."

त्याने कपाटातून काडेपेटी काढली, दोन काड्या पट्टीवर ठेवून मोजल्या आणि पहिल्यांदाच हसला. "बसेल. जेमतेम, पण बसेल. आजपर्यंत लोक मला फोटो पाठवत आलेत. काड्या पहिल्यांदाच आल्या."

मग त्याने तीन टायर काउंटरवर ठेवले. एकाच्या कडा तपकिरी होत्या आणि तो इतका देखणा होता की माझा जीव तिथेच अडकला. माझ्या निळ्या सायकलला काय शोभला असता! दुकानदार म्हणाला, सुंदर आहे, हलका आहे, पण कडा पातळ, काच लागली तर कडेतून फाटेल. दुसरा सगळा काळा, आत काच अडवणारी पट्टी घातलेला, जरा जड. तिसराही तसाच, पण पूर्ण गुळगुळीत.

इतका वेळ स्टुलावर बसलेल्या आई उठल्या. तिसरा टायर हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि मला बाजूला ओढून म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात बाजूला वगैरे काही नसतं, अख्ख्या दुकानाने ऐकलं: "अगो, हा झिजलेला आहे. वापरलेला विकतोय तुला."

"आजी, नवाच आहे तो," दुकानदार म्हणाला.

"मग नक्षी कुठाय? ह्यांच्या सायकलच्या टायरला नक्षी होती. अशी चौकटी चौकटीची. घसरून पडली ही, आणि तुम्ही हिला गुळगुळीत टायर देताय?"

त्या माणसाला मी मानलं. त्याने आईंचा अंगठा धरला आणि काचेच्या काउंटरवर टेकवला. "आजी, एवढाच भाग रस्त्याला लागतो. तुमच्या अंगठ्याएवढा. त्यात खाचा पाडल्या तर रबर कमी टेकणार. चिखलात खाचा हव्यात, डांबरावर रबर हवं. रबर रस्त्याला चिकटतं." आईंनी अंगठा काउंटरवर ओढून बघितला. चर्रकन आवाज झाला. पुन्हा एकदा ओढून बघितला, पण पटलं नाही हे मला चेहऱ्यावरून कळलं.

तर तोडगा असा निघाला. मधला, सगळा काळा, अठ्ठावीसचा. मध्ये गुळगुळीत, पण दोन्ही कडांना बारीक रेघा. दुकानदार मला हळूच म्हणाला, त्या रेघा दिसण्यापुरत्या आहेत. आईंना मात्र तेवढी नक्षी पुरली. तरी घ्यायच्या आधी त्यांनी टायर नाकाशी नेला. आई सगळं हुंगून घेतात. तांदूळ, साड्या, मेथी, नातवंडांची डोकी. कोणती वस्तू कुठल्या हातातून आली ते वासाने सांगतात, आणि त्यांच्या नाकापुढे घरात आजवर कोणाचं काही लपलेलं नाही. टायर हुंगून म्हणाल्या, "हां, कोरा आहे." आणि मागचा-पुढचा असे दोन टायर आमच्याबरोबर कळव्याला पाहुणचाराला आले. मावशींनी त्यांनाही खुर्ची दिली.

टायर चढवायला मला आणि नवऱ्याला मिळून अख्खी संध्याकाळ लागली. कोऱ्या टायरची कड शेवटच्या वीतभर रिमवर बसतच नाही. अंगठे सोलले, एकमेकांना नको ते बोललो. पण बसल्यावर काय सांगू! पहिल्या रविवारी शहाडच्या पुलावर मी मुद्दाम जॉइंट मोजत गेले, आधी प्रत्येकाला कण्हायचे, आता नुसतं डुब डुब. ज्या वळणावर पडलेले तिथेही चाक रस्त्याला धरून राहिलं. पलीकडे गेल्यावर मी एकटीच मोठ्याने "येस्स!" ओरडले. म्हशी घेऊन चाललेला एक माणूस दचकला.

असे चार रविवार गेले आणि दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मिक्सर, शिलाई मशीन, नवऱ्याची स्कूटर, लॅपटॉप. सायकलची पूजा आजवर मीच उरकायचे, आई तिच्याकडे बघायच्याही नाहीत. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. बाहेर आले तर गॅलरीत आई पाटावर बसलेल्या, हातात फडकं, आणि सायकल अशी लखलखत होती की मी बघतच राहिले. हँडलला झेंडूची माळ, दांड्याला कुंकू, आणि चाकं तर शोरूममधल्यासारखी काळीभोर.

"आई! तुम्ही केलंत हे?"

"मग काय," त्या कंबर धरत उठल्या. "दोन तास बसले. तुझ्या सासऱ्यांची सायकल मी दर दसऱ्याला अशीच करायचे. ह्यांना हात लावू द्यायचे नाही."

माझे सासरे मी फोटोतच पाहिलेत. ते रोज सायकलने कारखान्यात जायचे, एवढंच मला माहीत. आईंनी माझ्या सायकलला पहिल्यांदा हात लावला, तोही असा. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. वाटलं, जिंकले.

पाच वाजता आपट्याची पानं खिशात टाकली आणि सोनं द्यायला ठाकुर्लीला भावाकडे निघाले. सोसायटीचं गेट, बाहेर पेव्हर ब्लॉक, आणि लगेच उजवीकडे वळण. ब्रेक दाबला. चाक थांबेचना! जोरात दाबला आणि हँडल वळवलं, तर पुढचं चाक ताटातल्या बर्फाच्या तुकड्यासारखं निसटलं. मी कोपरावर. वेग काही नव्हता म्हणून बरं. बाही फाटली, कोपर सोलवटलं, सोनं रस्त्यावर पसरलं.

पहिला विचार, नवा टायर! मेला तो दुकानदार! टायरवरून हात फिरवला, हात बुळबुळीत. नाकाशी नेला. खोबरेल.

टायरला, रिमला, ब्रेकच्या रबराला, सगळीकडे खोबरेल. दोन तास बसून, जीव लावून चोळलेलं. बुळबुळीत हात मी फाटलेल्या बाहीलाच पुसला.

एक क्षणभर मनात आलं, मुद्दाम तर नाही ना केलं? सायकल घालवायला? दुसऱ्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. कोण माणूस दोन तास पाटावर बसून, गुडघे दुखत असताना, झेंडूची माळ घालून कोणाला पाडेल?

सायकल ढकलत भावाकडे गेले. वहिनीकडून भांड्यांचा साबण आणि घासणी घेतली आणि त्यांच्या बाथरूममध्ये चाकं घासत बसले. वहिनी सारखी विचारत होती, काय झालं, मी आपली घासतेय. डोक्यात एकच. खरं सांगितलं तर सायकल राहील. आई शब्दाच्या पक्क्या असल्या तरी अन्यायी नाहीत. पण आपल्या हाताने सून पडली हे कळलं तर त्या काय करून घेतील? आधीच अलीकडे दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला की म्हणतात, "आता मला कशाला हात लावू देऊ नका." एवढ्या हौसेने काहीतरी केलं, तेही असं. नाही सांगितलं तर सायकल जाईल. टिटवाळा जाईल. घासता घासता मी चक्क रडले. एका सायकलसाठी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई माहेरच्या बाथरूममध्ये रडतेय, वहिनीला काय वाटलं असेल देव जाणे.

शेवटी ठरवलं. नाही सांगायचं.

घरी आले. आई सोफ्यावर वातीचा कापूस पिंजत बसलेल्या, नवरा श्रीखंडाची वाटी घेऊन टीव्हीसमोर. ओढणी कोपरावर ओढली होती, पण आईंचं लक्ष सगळ्यात आधी तिथेच.

"काय गो झालं?"

"काही नाही. कुत्रं आडवं आलं."

"म्हणजे पडलीस."

"हो."

देवासमोर समई तेवत होती. मीच म्हटलं, "शब्द लक्षात आहे माझ्या. उद्या फोटो काढून ग्रुपवर टाकते. जाईल लगेच." आवाज साधा ठेवायचा खूप प्रयत्न केला.

तेवढ्यात नवरा टीव्हीवरची नजर न काढता हसला. "काय योगायोग आहे. बाबांनापण दसऱ्यालाच कुत्रं आडवं यायचं."

आईंचे हात थांबले.

"खरंच," तो म्हणाला, "आठवतं ना आई? सोनं द्यायला जायचे आणि कोपर फोडून यायचे. दर वर्षी. आम्ही पोरं कुत्र्याला शोधायला जायचो."

आई उठल्या. गॅलरीत गेल्या, सायकलच्या चाकावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मी मागे उभी. तिथे आता खोबरेलाचा नाही, लिंबाच्या साबणाचा वास होता. त्या वळल्या, माझा हात धरला आणि माझी बोटं हुंगली. तोच साबण. मग माझी फाटकी बाही नाकाशी धरली आणि धरूनच राहिल्या. बाही मी धुतली नव्हती.

"ब्रेकलापण लावलं होतं मी," त्या म्हणाल्या. "गंज धरू नये म्हणून. ह्यांच्यापण लावायचे."

"अहो आई, तुम्हाला काय माहीत..."

"तीस वर्षं!" त्यांचा तो भाजीवाला थांबवणारा आवाज परत आला. तडक खोलीत गेल्या आणि सासऱ्यांच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तीस वर्षं कुत्र्याचं नाव सांगत होतात? एकदा तरी बोलायचं की माणसानं! मी आपली दर वर्षी हळद लावतेय आणि कुत्र्याला शिव्या घालतेय!" आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की भिंत धरली. हसता हसता पदर डोळ्याला लागला तो लवकर निघेना. मी त्यांना धरून उभी राहिले.

जरा वेळाने त्यांनी फोटोवरची माळ सरळ केली, देवासमोर गेल्या आणि हात जोडून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "हिचा शब्द माझ्यापाशी होता, तो मी हिला परत दिला. साक्षीला हे आहेतच." मग माझ्याकडे वळून, "कोपर दाखव इकडे. आणि परत माझ्याशी खोटं बोललीस तर बघ. ह्या घरात एक झाले तेवढे पुरे."

अठ्ठावीसचे ते टायर अजून चालताहेत. यंदा दसऱ्याला आईंनी फक्त हँडलला कुंकू लावलं, तेही लांबून. पण रविवारी पहाटे मी कितीही चोरपावलांनी निघाले तरी दार ओढताना आतल्या खोलीतून आवाज येतोच.

"कुत्रं बघून जा गो."